पुढची दहा वर्षं कोणता ॲनिमे टिकेल? टी-शर्टवर पैसे लावण्याआधी काय पाहावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात टी-शर्ट छपाईचं युनिट आहे, आजवर कॉलेजांच्या आणि मंडळांच्या ऑर्डरी केल्या, आता एखाद्या ॲनिमेचं, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचं, अधिकृत लायसन्स घ्यायचं आहे. भांडवल एकाच नावापुरतं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर'च्या सिनेमाला पहाटेच्या खेळांनाही झालेली गर्दी तुम्ही पाहिलीत. मित्र सांगतात, 'ड्रॅगन बॉल' जुना झाला, 'वन पीस' संपत आला. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये 'पोकेमॉन' सगळ्यांच्या वर दिसतो. तर यातलं कोण टिकेल?

मी बरीच वर्षं मुंबईत पात्रांच्या लायसन्सिंगचं काम करतो. एका बाजूला हक्क सांभाळणारी माणसं, दुसऱ्या बाजूला दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, टी-शर्ट बनवणारे कारखानदार, आणि मधे आम्ही. ॲनिमे मला मनापासून आवडतो, पण हे उत्तर चाहता म्हणून देत नाही. तुमचे पैसे अडकणार आहेत, म्हणून धंद्याच्या बाजूनेच लिहितो.

पहिली गोष्ट, 'कोण मोठं' आणि 'कोण टिकाऊ' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्हाला दुसऱ्याचं उत्तर हवं आहे. सिनेमा लागला, नवा सीझन आला की कुठल्याही नावाचा माल उचलला जातो. श्रावणात गावातल्या सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. कुठल्या विहिरीच्या भरवशावर ऊस लावायचा हे मे महिन्यात कळतं. म्हणून कुठलंही नाव तोलताना मी त्याचं कोरडं वर्ष शोधतो. म्हणजे असं वर्ष, ज्यात टीव्हीवर नवी मालिका नव्हती आणि थिएटरात नवा सिनेमा नव्हता. त्या वर्षी किती माल गेला? हा आकडा ज्याचा चांगला, त्याच्यावर मी दहा वर्षांची पैज लावेन.

आता त्या याद्यांबद्दल. 'आजवरच्या सर्वाधिक कमाईच्या फ्रँचायझी' (फ्रँचायझी म्हणजे एकाच नावाचे सिनेमे, गेम, पुस्तकं आणि माल मिळून सगळं) अशा नावाने जे तक्ते फिरतात, त्यांवर लायसन्ससारखा निर्णय घेऊ नका. त्यात सिनेमाची तिकीटविक्री, दुकानातल्या मालाची किरकोळ किंमत, गेमचं उत्पन्न आणि मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, छापील प्रतींचा अंदाज अशी वेगवेगळी मापं एकाच बेरजेत घातलेली असतात. आपल्याच हिशेबात पाहा. दुकानात ७९९ रुपयांना विकलेला टी-शर्ट तुमच्या बिलात साधारण ३५० रुपयांचा असेल आणि हक्कदाराच्या हातात त्यातले ३५ रुपये पडतील. एकाच शर्टाचे तीन आकडे झाले. एका फ्रँचायझीसाठी ७९९ मोजले आणि दुसरीसाठी ३५, तर तुलना कसली होणार? पोकेमॉन मोठा आहेच, त्याबद्दल वाद नाही. त्याच्या लायसन्स घेतलेल्या मालाची जगभरातली किरकोळ विक्री अलीकडे वर्षाला १० अब्ज डॉलरच्या वर आहे. पण त्याशेजारी बंदाई नामको या जपानी खेळणी-गेम कंपनीच्या ताळेबंदातला आकडा ठेवून 'हा त्याच्या इतका पट' म्हणणं चूक आहे.

बंदाई नामकोचं नाव घेतलं, कारण माझ्या दृष्टीने सार्वजनिक आकड्यांत सर्वांत उपयोगी आकडे त्यांचे आहेत. ही कंपनी दरवर्षी प्रत्येक मोठ्या नावामागे समूहाची किती विक्री झाली ते जाहीर करते. ती त्या फ्रँचायझीची संपूर्ण कमाई नसते. शुएइशा या प्रकाशकाचे मांगा, तोएइ कंपनीचे सिनेमे, इतरांचे कपडे त्यात येत नाहीत. पण मोजपट्टी एकच आणि वर्षानुवर्षांची, म्हणून तुलना करता येते. मार्च २०२४ ला संपलेल्या आर्थिक वर्षात ड्रॅगन बॉलचे सुमारे १४,००० कोटी येन, गंडम या महाकाय यंत्रमानवांच्या मालिकेचे साडेचौदा हजार कोटींच्या आसपास, वन पीसचे सुमारे ११,२०० कोटी. त्याच्या पुढच्या वर्षी ड्रॅगन बॉल १९,००० कोटींच्या वर, गंडम १५,००० च्या वर, वन पीस १४,००० च्या जवळ.

यातला ड्रॅगन बॉलचा पहिला आकडा पुन्हा वाचा. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या काळात ड्रॅगन बॉलची एकही नवी टीव्ही मालिका नव्हती, नवा सिनेमाही नव्हता. आधीचा सिनेमा जून २०२२ मधला, पुढची मालिका ऑक्टोबर २०२४ मधली. म्हणजे हे पूर्ण कोरडं वर्ष. तरीही विक्री त्याच्या आधीच्या, सिनेमाच्या वर्षापेक्षा फार घसरली नाही. १९८४ मध्ये सुरू झालेली, मूळ मांगा १९९५ मध्ये संपलेली कथा! पुढच्या वर्षी नवी मालिका आणि मोठा व्हिडिओ गेम एकत्र आले तेव्हा आकडा उसळला, पण मला त्या उसळीपेक्षा आदल्या वर्षाची पातळी जास्त बोलकी वाटते.

ही पातळी आपोआप आलेली नाही, आणि हा भाग जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. १९९७ मध्ये 'ड्रॅगन बॉल जीटी' ही मालिका संपली आणि पुढची कित्येक वर्षं जपानमध्ये ड्रॅगन बॉल जवळपास थंड होता. तेव्हा कुणी 'हा संपला' म्हटलं असतं तर त्याला खोडून काढणं अवघड होतं. त्याच काळात अमेरिकेत मात्र टीव्हीवर 'ड्रॅगन बॉल झी' ही मालिका जोरात चालू झाली, आपल्याकडेही नव्या शतकाच्या सुरुवातीला कार्टून नेटवर्कवर मुलं ती पाहू लागली. २००२ च्या अखेरीस जपानमध्ये मूळ मांगाची मोठ्या आकारातली नवी आवृत्ती निघू लागली, लढाईचे व्हिडिओ गेम आले, मग आर्केडमध्ये कार्ड टाकून खेळायची यंत्रं आली. २०१३ मध्ये सिनेमा, २०१५ मध्ये नवी मालिका आणि त्याच वर्षी मोबाइल गेम. क्रम नीट पाहा: आधी जुन्या वाचकाला पुस्तक, मग तरुणाला गेम, मग त्या तरुणाच्या धाकट्या भावंडाला कार्ड, आणि मागणी तयार झाल्यावर मालिका. मालिका हा शेवटचा टप्पा होता. टिकाऊ नावांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं, माल विकण्यासाठी त्यांना रोजच्या भागाचा आधार लागत नाही. मार्च २०२४ मध्ये ड्रॅगन बॉलचे निर्माते अकिरा तोरियामा गेले. त्यानंतरचं वर्ष या नावाच्या सर्वांत मोठ्या वर्षांपैकी एक ठरलं.

गंडमची गोष्ट तर मी प्रत्येक नव्या लायसन्सधारकाला सांगतो. एप्रिल १९७९ मध्ये नागोयाच्या टीव्ही केंद्रावरून ही मालिका सुरू झाली. पैसा क्लोव्हर नावाच्या खेळणी कंपनीचा होता. तिची खेळणी लहान मुलांसाठी, भडक रंगांची. आणि मालिका होती युद्धाची, थकलेल्या सैनिकांची, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना भिडणारी. खेळणी उठली नाहीत. ५२ भागांची मालिका ४३ भागांवर गुंडाळली. मग पुनःप्रक्षेपण झालं, प्रेक्षक वाढले, आणि जुलै १९८० मध्ये बंदाईने प्लास्टिकच्या जोडायच्या प्रतिकृती काढल्या. पहिला गंडम १/१४४ मापाचा, किंमत ३०० येन. शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशात बसणारी. तेवढ्यावर सगळं फिरलं. दुकानांपुढे रांगा लागल्या, १९८१-८२ मध्ये मालिकेतून बांधलेले तीन सिनेमे चालले. क्लोव्हर १९८३ मध्ये बुडाली.

ज्या कथेवर एका कंपनीची खेळणी उठली नाहीत त्याच कथेवर दुसरी कंपनी आज वर्षाला १५,००० कोटी येनांहून जास्त विक्री करते. पात्रं तीच, मालिका तीच. फरक पडला तो वस्तू कुणासाठी बनवली यात. गनप्ला, म्हणजे गंडमची जोडायची प्रतिकृती, हातात घेऊन पाहिलीत तर टिकाऊपणा म्हणजे काय ते बोटांना कळेल. पेटीत प्लास्टिकच्या चौकटी असतात, भाग रंगानुसार वेगळे, प्रत्येकाला क्रमांक. कातरून काढायचे, कड घासायची, डिंकाशिवाय खटकन बसवायचे. दोन-तीन संध्याकाळी जातात. मग कपाटात एक फळी मोकळी करावी लागते, आणि फळी मोकळी केली की दुसरी प्रतिकृती आणावीशी वाटते. १९९० मध्ये अधिक रेखीव श्रेणी आली, १९९५ मध्ये मोठी, १९९८ मध्ये त्याहून भारी, २०१० मध्ये लहान मापातली बारीक तपशिलांची. तोच १९७९ चा गंडम प्रत्येक श्रेणीत नव्याने विकला गेला आणि मूळ ३०० येनवाला साचाही अधूनमधून पुन्हा बाजारात येतो. नवी मालिका आली तर उत्तम, नाही आली तरी कारखाना चालू. पण एक सांगतो, ही ताकद भारतात टी-शर्टवर उतरत नाही. आपल्याकडे ज्यांना गंडम माहीत आहे ते बहुतेक प्रतिकृतीच विकत घेतात.

वन पीसबद्दल 'संपत आला' हे खरं आहे. एइचिरो ओदांनी जुलै १९९७ मध्ये सुरू केलेली कथा २०२२ पासून अखेरच्या पर्वात आहे, पण ते पर्वच लांबलचक आहे. त्याचं कोरडं वर्ष सापडणं कठीण, कारण १९९९ पासून ॲनिमे आठवड्यामागून आठवडा चालूच होता. मात्र ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२५ अशी सहा महिन्यांची सुट्टी मालिकेने घेतली, आणि वर दिलेली ११,२०० वरून १४,००० कोटींकडची वाढ नेमकी त्याच आर्थिक वर्षातली आहे. २०२२ मध्ये आलेल्या कार्डांच्या खेळाला जगभर उठाव मिळाला, आणि २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर माणसांना घेऊन केलेल्या मालिकेने ॲनिमे कधीच न पाहणारा प्रेक्षक आणला. आता ॲनिमे वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग या पद्धतीवर चालला आहे. मला हा निर्णय कथेसाठी आणि मालासाठीही चांगला वाटतो. दर आठवड्याला रेंगाळणारा भाग पाहून लोक कंटाळतात, आणि कंटाळलेला चाहता शर्ट घेत नाही. शेवट झाल्यावर काय होईल? शेवटानंतर वर्षभर मागणी चढेल, मग उतरेल, आणि उतरून जिथे थांबेल ती पातळी आजच्या ड्रॅगन बॉलसारखी असेल असा माझा अंदाज आहे. कारण जग मोठं आहे, पात्रं शेकड्यांनी आहेत, आणि कवटीवरची गवती टोपी रस्त्याच्या पलीकडून ओळखता येते.

आता डीमन स्लेयर, ज्याच्यामुळे तुम्ही विचारलंत. मांगा फेब्रुवारी २०१६ ते मे २०२०, फक्त २३ खंड. ॲनिमे एप्रिल २०१९ मध्ये. ऑक्टोबर २०२० च्या सिनेमाने जपानमध्ये ४,००० कोटी येनांच्या वर गल्ला जमवला आणि एकोणीस वर्षांपूर्वीचा, ३,१६८ कोटींचा विक्रम मोडला. २०२५ चा 'इन्फिनिटी कॅसल' हा तीन सिनेमांतला पहिला. तो भारतात हिंदी, तमिळ, तेलुगू अशा भाषांतही लागला. वेग पाहिला तर याच्या जवळपास कुणी नाही. तरीही दहा वर्षांची पैज मी यावर लावणार नाही, आणि कारणं सांगतो.

पहिलं कारण, कथा छोटी आणि बंदिस्त आहे. नायक तांजिरोची बहीण नेझुको, राक्षसांचा प्रमुख, शेवटची लढाई, संपलं. कथा म्हणून तो तिचा मोठा गुण आहे, मला ती त्यासाठीच आवडते. पण पुढे माल काढायला नवी पात्रं, नवे पोशाख, नवी ठिकाणं लागतात, आणि ती इथे मोजकी आहेत. दुसरं कारण जास्त धंद्याचं आहे. या कथेची ओळख पात्रांच्या अंगरख्यांवरच्या नक्ष्यांत आहे. तांजिरोची हिरवी-काळी चौकट, नेझुकोच्या किमोनोवरची ताग-पानांची नक्षी. २०२० मध्ये जपानभर मास्कपासून डब्याच्या रुमालापर्यंत सगळीकडे ही चौकट दिसत होती. शुएइशाने त्या वर्षी जपानमध्ये सहा पात्रांच्या नक्ष्या ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज केले. गियू, शिनोबू आणि रेंगोकू यांच्या नक्ष्यांची नोंदणी झाली. तांजिरोची चौकट २०२१ मध्ये नाकारली गेली, कारण ती शतकानुशतकं वापरातली पारंपरिक चौकट आहे, कुणा एकाची नाही. छपाईवाल्याने याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ज्या नक्षीसाठी तुम्ही रॉयल्टी भराल, तीच नक्षी पात्राचं नाव न घेता शेजारचा फुकट छापेल हा धोका राहतो. नाव लागतं आणि चेहरा लागतो तेव्हाच लायसन्सला किंमत राहते, आणि या कथेतला सर्वांत विकाऊ भाग नेमका चेहऱ्याविना ओळखू येणारा आहे. दोन सिनेमे अजून यायचे आहेत, तोवर उठाव राहील. त्यानंतरचं कोरडं वर्ष कसं असेल त्याचा पुरावा आज कुणाकडेच नाही.

संपलेल्या कथा टिकत नाहीत असं मात्र समजू नका. 'स्लॅम डंक'चा मांगा १९९६ मध्ये संपला. लेखक ताकेहिको इनोउए यांच्या या कथेवर पुढची पंचवीस वर्षं नवा ॲनिमे आला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला सिनेमा आला, जपानमध्ये दीड हजार कोटी येनांच्या पुढे गेला, चीन आणि कोरियात तर चाळिशीतले लोक आपल्या मुलांना घेऊन गेले. हा टिकाऊपणा खरा आहे, पण तो हक्कदाराच्या कामाचा. त्या पंचवीस वर्षांत माझ्यासारख्याला किंवा तुमच्यासारख्याला विकायला फारसं काही नव्हतं. उलट उदाहरण 'इव्हँजेलियन'चं. १९९५-९६ मधले अवघे २६ भाग, पण २००४ पासून पाचिंको या जपानी जुगारवजा खेळाची यंत्रं, नंतर नवे सिनेमे, अगदी त्यातल्या यंत्रमानवाच्या जांभळ्या-हिरव्या रंगात रंगवलेली बुलेट ट्रेनही काही वर्षं धावली. २०२१ चा शेवटचा सिनेमा १,००० कोटी येनांच्या वर गेला. थोडी कथा आणि खूप ठसठशीत रूप, एवढ्यावर तीस वर्षं निघाली. 'नारुतो' या दोघांच्या मधे बसतो: मांगा २०१४ मध्ये संपला, पण अकात्सुकी या त्यातल्या खलनायक टोळीचा लाल ढग आजही विकतो. पुढची पिढी दाखवणारा 'बोरुतो' त्या उंचीला गेला नाही, पण त्याने नाव जिवंत ठेवलं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर मी चार गोष्टी पाहतो: कोरड्या वर्षाची विक्री, मालिकेशिवाय चालणारी एखादी वस्तू किंवा खेळ, लांबून ओळखू येणारं रूप, आणि नवा ग्राहक कुठून येतो. चौथ्या गोष्टीत पोकेमॉन आणि डोरेमॉन सगळ्यांच्या पुढे आहेत.

पोकेमॉन १९९६ मध्ये गेम म्हणून आला, त्याच वर्षी कार्डं आली, आणि ॲनिमे एप्रिल १९९७ मध्ये. दर काही वर्षांनी नवा गेम, त्यात नवे प्राणी, त्याच वेळी त्यांची कार्डं आणि त्यांचाच ॲनिमे, हे चक्र आजवर थांबलेलं नाही. २०२३ मध्ये त्यांनी ॲनिमेचा जुना नायक ॲश याला निरोप देऊन नवी पात्रं आणली आणि धंदा डगमगला नाही, कारण चेहरा पिकाचूचा आहे. आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. पोकेमॉनचे हक्क निन्टेंडो, गेम फ्रीक आणि क्रिएचर्स या तिघांचे, पण कारभार १९९८ पासून एकाच कंपनीकडे. बहुतेक ॲनिमे मात्र निर्मिती समितीतून बनतात. प्रकाशक, टीव्ही केंद्र, संगीत कंपनी, खेळणीवाले असे सगळे थोडे थोडे पैसे घालतात आणि हक्कही वाटून घेतात. त्यात जोखीम कमी होते, पण आठ वर्षांनी एखादं चित्र कपड्यावर वापरायची परवानगी हवी असली की फाइल चार टेबलांवर फिरते. कोल्हापुरात गणपतीच्या आधी माल पोचवायचा असेल आणि रंगछटेची मंजुरी दिवाळीत येणार असेल, तर नाव कितीही मोठं असो, तुमचा हंगाम गेला.

डोरेमॉन १९७० च्या जानेवारी अंकांपासूनचा. टीव्हीवर सलग १९७९ पासून, आणि १९८० पासून जवळजवळ दर वर्षी मार्चच्या आसपास एक सिनेमा. निर्माते १९९६ मध्ये वारले, २००५ मध्ये मुख्य आवाज सगळे बदलले, तरी गाडी चालू. नोबिता मोठाच होत नाही, त्यामुळे प्रेक्षक मोठा होऊन निघून गेला की त्याची जागा सहा वर्षांचं नवं मूल घेतं. भारतात २००५ पासून हंगामा वाहिनीवर तो हिंदीत आला आणि आपल्या जूनच्या शाळा-हंगामात दप्तर, डबा, कंपासपेटी यांवर ठाण मांडून बसला. 'डिटेक्टिव्ह कोनान' वर्षाला एक सिनेमा याच पद्धतीने १९९७ पासून चालतो, आणि अलीकडचे त्याचे सिनेमे जपानमध्ये सलग १,००० कोटी येन ओलांडतात. तुमच्यासाठी डोरेमॉन मात्र नाही. त्याची खरेदी आई-वडील करतात, आकार मुलांचे, किंमत २५० च्या आत लागते, आणि त्या बाजारात मोठे कारखानदार आधीच बसले आहेत.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग येतो, आणि तो मोठा आहे. जपानचा आकडा जसाच्या तसा साताऱ्यात लागू होत नाही. हे खरं की ॲनिमेचा बाजार आता बाहेरच्या देशांवर उभा आहे. जपानच्या ॲनिमेशन संघटनेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये ३.३४ लाख कोटी येनांच्या बाजारात १.७२ लाख कोटी परदेशातून आले, म्हणजे निम्म्याहून जास्त. पण भारतात आपला ग्राहक दोन थरांचा आहे. पंचविशी-तिशी ओलांडलेले, ज्यांनी लहानपणी टीव्हीवर ड्रॅगन बॉल झी, पोकेमॉन, बेब्लेड पाहिलं आणि आज स्वतः कमावतात. आणि सतरा ते बावीस वयाचे, ज्यांनी मोबाइलवर सबटायटल वाचत नारुतो, वन पीस, डीमन स्लेयर, जुजुत्सु कायसेन पाहिलं. पहिला थर भाव करत नाही, पण वर्षातून एकदा घेतो. दुसरा थर वारंवार घेतो, पण ३९९ च्या वर जायला तयार नसतो आणि आवड पटकन बदलतो.

हा बदल किती पटकन होतो ते एकदा भिवंडीच्या गोदामात पाहिलं. एका कारखानदाराने चालू मालिकेच्या जोरावर दप्तरं बनवली होती. कुठली ते सांगत नाही. मालिका एप्रिलमध्ये बंद झाली, माल जूनसाठी तयार होता. खोक्यांवर मार्करने गावांची नावं लिहिलेली होती, सांगली, बार्शी, लातूर, आणि प्रत्येक दप्तराच्या चेनला अधिकृत होलोग्रामचं लेबल लटकत होतं. दुकानदारांनी उचल नाकारली. मुलांनी पात्र ओळखलं, पण मागितलं नाही. शेवटी लायसन्सची मुदत संपली, म्हणजे तो माल स्वस्तात काढायचीही परवानगी राहिली नाही. लेबलं कापून, चित्रावर कापड शिवून दप्तरं विकली गेली.

म्हणून कुठलंही नाव ठरवायच्या आधी एक साधी पाहणी करा. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर, मुंबईत लिंकिंग रोडवर, तुमच्या साताऱ्यात राजवाड्याजवळ, फुटपाथवर टी-शर्ट विकणारे काय लटकवतात ते बघा. त्यांचा माल विनापरवाना असतो, त्याचं समर्थन मी करत नाही. त्याने आमच्या धंद्याचं आणि चित्रकारांचं नुकसानच होतं. पण तो विक्रेता रॉयल्टी देत नाही, त्याला करार बांधत नाही, आणि जागा त्याच्याकडे दोन हात. जे उठत नाही ते तो पंधरा दिवसांत खाली उतरवतो. त्यामुळे तीन-तीन वर्षं जे चित्र त्याच्या दोरीवर टिकून आहे, त्याला खरा उठाव आहे. आज लावलेलं नवं चित्र मोजू नका, गेल्या गणपतीत होतं आणि या गणपतीतही आहे ते मोजा. मला वर्षानुवर्षं तिथे 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूचा केशरी पोशाख, 'वन पीस'मधल्या लुफीची टोपीवाली कवटी आणि अकात्सुकीचा ढग दिसत आलाय.

आता हिशेब. लायसन्समध्ये बहुधा मिनिमम गॅरंटी असते, म्हणजे विक्री होवो न होवो, ठरलेली रॉयल्टी द्यावीच लागते. समजा ती १० लाख आहे आणि रॉयल्टी तुमच्या बिलाच्या १० टक्के. ३५० रुपयांच्या बिलावर ३५ रुपये. म्हणजे निव्वळ गॅरंटी फिटायला साडेअठ्ठावीस हजार शर्ट विकावे लागतील. दोन वर्षांच्या करारात महिन्याला सुमारे १,२००. तुमची आजची क्षमता आणि विक्रेत्यांचं जाळं यात बसतं का, ते आधी पाहा. बसत नसेल तर मोठ्या लायसन्सधारकाकडून छपाईचं काम घेऊन सुरुवात करा. एक-दोन हंगामांत कुठल्या नावाची पुन्हा ऑर्डर येते ते तुमच्याच बिलांवरून कळेल.

बसत असेल तर माझं मत असं. तुमच्या ग्राहकासाठी आणि दहा वर्षांच्या दृष्टीने ड्रॅगन बॉल पहिला, वन पीस दुसरा. फरक थोडा आहे. ड्रॅगन बॉल आधी म्हणतो कारण त्याचं कोरडं वर्ष आपल्याला पाहायला मिळालं आहे, वन पीसचं अजून मिळायचं आहे. नारुतोचं लायसन्स स्वस्तात मिळत असेल तर तो तिसरा, आणि कमी भांडवलात कदाचित सर्वांत सोपा. पोकेमॉन उत्तम, पण चित्रांच्या मंजुरीबाबत ते फार काटेकोर असतात आणि पहिल्यांदाच येणाऱ्या लहान युनिटला दार उघडणं कठीण. डीमन स्लेयर घ्यायचाच असेल तर पुढच्या सिनेमाच्या तारखेच्या चार-पाच महिने आधीपासून सुरू होणारा छोटा करार मागा, गॅरंटी कमी ठेवा, आणि छपाई ऑर्डरप्रमाणे करा, साठा करू नका.

आणि बोलणी करताना एजंटला तीन गोष्टी लेखी विचारा. गेल्या दोन वर्षांत कपड्यांच्या प्रकारात भारतात किती लायसन्स दिली आहेत, कारण तोच शर्ट पाच जणांनी काढला तर भाव पडतो. चित्राच्या मंजुरीला किती दिवस लागतात आणि मुदतीत उत्तर नाही आलं तर काय. आणि करार संपल्यावर उरलेला माल विकायला किती दिवस मिळणार. साधारण तीन महिने देतात. सहा मागा, आणि तुमचा करार जून किंवा गणपतीच्या तोंडावर संपत नाही ना, ते कॅलेंडर काढून पाहा.